पडद्याकडे पाठ

मी एक जुनी तिपाई आहे. तीन पाय, एक गोल बैठक आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, एवढीच माझी इस्टेट. त्यातल्या दोन दांड्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, एक खालची आणि एक जरा वरची. ते टाचांचं काम. कुणाच्या टाचा, ते पुढे कळेलच.

मित्रांनो, ऐकायला बसलाच आहात तर आधीच सांगून टाकते. मला कुणाची दया नको आहे. जुन्या वस्तूनं रडत रडत आपली कहाणी सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी "अरेरे" म्हणायचं, हे मला जमणार नाही. माझं उभं आयुष्य सिनेमाच्या थिएटरात गेलं आणि मी एकही सिनेमा पाहिला नाही. तरीसुद्धा कुठला सिनेमा चालणार आणि कुठला आपटणार, हे दिल्लीतल्या भल्याभल्यांच्या आधी मला कळायचं. आहे का तुमच्या घरातल्या सोफ्याची बिशाद?

माझा जन्म बल्लभगडचा. आज मेट्रोनं हे गाव दिल्लीला चिकटवून टाकलं आहे, पण तेव्हा मथुरा रोडच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती आणि गावात धान्याची मंडी होती. स्वातंत्र्य मिळून दहाबारा वर्षं झाली होती. राजाभाऊ नावाचे एक मराठी गृहस्थ करोल बागेत राहायचे आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायली वर-खाली करायचे. एके दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि बल्लभगडला थिएटर बांधायला घेतलं. करोल बागेतल्या मराठी घरांत हाहाकार उडाला. त्यांचे मेहुणे विश्वनाथ तर तावातावानं आले.

"पेन्शनची नोकरी सोडून सिनेमे दाखवणार? भावोजी, लोक काय म्हणतील?"

"शो कितीचा आहे, असं म्हणतील," राजाभाऊ म्हणाले.

थिएटरला त्यांनी बायकोचं नाव दिलं, प्रभा टॉकीज. प्रभाकाकूंना आनंद झाला की राग आला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

राजाभाऊंना बसायला पडद्यापाशी जागा हवी होती. तुम्ही म्हणाल, मालकानं मागे, मऊ खुर्चीत बसावं. पण त्यांना सिनेमा बघायचाच नव्हता, त्यांना बघणारे बघायचे होते. पडद्याच्या डाव्या अंगाला, बाहेर जायच्या दाराजवळ त्यांनी खुर्ची मांडली, पाठ पडद्याकडे आणि तोंड लोकांकडे. पण तिथली फरशी अशी काही वाकडीतिकडी बसवली होती की खुर्ची सारखी डुगडुगायची. शेवटी दारं बसवणारे रामचरण मिस्त्री म्हणाले, "साब, तीन पाँव की बनाता हूँ. तीन कभी झगडते नहीं." दाराच्या चौकटीतून उरलेल्या शिसवाची त्यांनी मला बनवली. तेव्हापासून आजपर्यंत मी कधी डुगडुगले नाही. चार पायांच्या वस्तूंना हे सांगता येणार नाही.

आता आमचं काम कसं चालायचं ते ऐका.

नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला राजाभाऊ माझ्यावर बसायचे, टाचा दांडीवर टेकवायचे आणि कान लावायचे. डोळे नंतर, आधी कान. आमच्याकडे गावोगावचे लोक यायचे, पायात जाड चामड्याच्या जुत्या किंवा चपला. सिनेमात जीव गुंतला की माणूस नकळत पायातलं काढतो. मग एक पाय वर घेतो, मग दुसरा, आणि बाजेवर बसल्यासारखा मांडी घालून बसतो. आणि सिनेमा ढिला पडला की तेच पाय खाली येतात आणि अंधारात चपला चाचपायला लागतात. सर्र... सर्र... असा आवाज येतो. एकाच्या पायानं सुरुवात केली की सगळी रांग चाचपते. हा आवाज मध्यंतराच्या आधी आला, तर सिनेमा रविवारच्या पलीकडे जात नाही. थंडीत मात्र कुणी पायातलं काढत नसे. तेव्हा राजाभाऊ भुईमुगाच्या शेंगा ऐकायचे. शेंगा फुटायच्या थांबल्या म्हणजे सिनेमानं पकडलं.

मध्यंतरात ऑफिसच्या खोलीत चहा व्हायचा. चांदणी चौकातून गुलाटीसाहेब आलेले असायचे. सिनेमे पुरवणारे वितरक ते, गळ्यात सोन्याची साखळी आणि तोंडात सतत वेलदोडा. ते विचारायचे, "बोलो राजासाब, कितना चलेगा?" आणि राजाभाऊ जे सांगतील ते पक्कं. लिहायचं नाही, सही करायची नाही. मध्यंतरात दिलेला शब्द फिरवायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज होता. दिल्लीत धो धो चाललेला सिनेमा राजाभाऊंनी "सोमवारी घेऊन जा" म्हणून परत पाठवलेला आहे, आणि दिल्लीत कुणी ढुंकून न पाहिलेला आमच्याकडे पोस्टरचा रंग उडेपर्यंत चालवलेला आहे. "इस आदमी के कान में थर्मामीटर है," असं गुलाटी सगळीकडे सांगायचे.

आणि एका उन्हाळ्यात या कानांनीच घात केला.

एका फार मोठ्या नटाचा सिनेमा लागला होता. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. राजाभाऊंनी नुकतेच दोन्ही भिंतींना पाण्याचे मोठाले कूलर बसवले होते आणि त्यांचा त्यांना कोण अभिमान! खेळ सुरू झाला आणि पाहता पाहता थिएटरभर पाय वर. पुढच्या रांगा, मागच्या रांगा, सगळे मांडी घालून, काही तर उकिडवे. चपलेचा एक आवाज नाही. राजाभाऊंच्या टाचा माझ्या दांडीवर आनंदानं ताल धरत होत्या. मध्यंतरात त्यांनी खालीही न उतरता, दारात आलेल्या गुलाटींना तिथूनच शब्द दिला, "एक महिना."

खेळ सुटला. राजाभाऊ माझ्यावरून खाली उतरले आणि त्यांची चप्पल पचक करून बोलली. खेळ सुरू झाल्यापासून कूलर गळत होते आणि फरशीवर सगळीकडे पाणी साचलं होतं. लोकांनी पाय सिनेमासाठी नव्हे, पाण्यासाठी वर घेतले होते. माझे तिन्ही पाय केव्हाचे ओले होते, पण राजाभाऊंच्या टाचा होत्या दांडीवर. मला काही बोलता येत असतं तर!

शब्द फिरवता येत नव्हता. महिनाभर तो सिनेमा रिकाम्या बाकांना दाखवला. चिमण्या आत येऊन बसायच्या, त्याही मध्यंतरात निघून जायच्या. मंडीत लोक एकमेकांना विचारायचे, "राजाबाबू के यहाँ पिक्चर लगी है या प्याऊ?" प्याऊ म्हणजे पाणपोई. राजाभाऊ हसायचे, पण घरी जेवायचे नाहीत. नंतर त्यांनी माझ्यावर बसणंच सोडलं. कानावरचा विश्वास उडालेला माणूस मी जवळून पाहिला आहे मित्रांनो, तो लोकांच्या नजरेला नजर देत नाही, पायांकडे बघतो. पुढचे सिनेमेही ते दुसऱ्यांना विचारून घ्यायला लागले आणि एकामागून एक पडायला लागले.

मग विश्वनाथमामांनी गिऱ्हाईक आणलं. खताच्या गोदामासाठी मोठी, बिनखिडक्यांची इमारत हवी असलेला एक व्यापारी. राजाभाऊ म्हणाले, आणखी एक सिनेमा बघू. तो पडला तर टॉकीज विकून करोल बागेत परत जाऊ. मामांनी हे सगळ्यांदेखत वदवून घेतलं.

राजाभाऊंना एकच मुलगी, अरुणा. मामांकडे राहून तिनं दिल्लीत बी. ए. केलं होतं आणि मामा तिच्यासाठी सचिवालयात चिकटलेला मुलगा शोधत होते. ती एकदम म्हणाली, "बाबा, या वेळी तिपाईवर मी बसते."

"तू? थिएटरात? पुढे?" प्रभाकाकूंच्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली.

"आई, टॉकीजला नाव तुझं आहे. मग बाईनं बसायला काय हरकत आहे?"

हा शेवटचा सिनेमाही असा की गुलाटींनी तो निव्वळ आठवडा भरायला दिलेला. त्यात मोठा नट नाही, मारामारी नाही. दोन जावांची गोष्ट होती म्हणे. मला काय माहीत, माझी पाठ तिकडे.

मार्च महिना होता. शेंगांचे दिवस संपलेले, कूलरचे सुरू व्हायचे होते. दुपारच्या खेळाला अरुणा येऊन बसली. तिची उंची बेताची, पाय काही दांडीपर्यंत पोचेनात. दोन्ही पाय लोंबकळत ठेवून ती बसली. राजाभाऊ दाराच्या पडद्याशी उभे. अर्धं थिएटर रिकामं. थोड्याच वेळात पुरुषांच्या बाजूनं तो आवाज आला. सर्र... सर्र...

"ऐकलंस?" राजाभाऊ कुजबुजले. "चाचपायला लागले चपला. चल, संपलं."

"बाबा, तुमचा कान एकाच बाजूला आहे. बायकांकडे बघा."

आमच्याकडे बायकांच्या रांगा उजवीकडे वेगळ्या असत, मध्ये लाकडी कठडा. राजाभाऊंनी उभ्या जन्मात तिकडे नीट पाहिलं नव्हतं. सभ्य माणूस ना!

"तिकडे काय आहे? पोरं रडतायत."

"तेच म्हणते मी. कधीची रडतायत?"

"सुरुवातीपासून."

"आणि कुणाला ऐकू येतंय?"

राजाभाऊ बघायला लागले. पडद्याचा उजेड बायकांच्या चेहऱ्यांवर पडला होता आणि एकही चेहरा हलत नव्हता. दुसऱ्या रांगेत एक तान्हं पोर टाहो फोडत होतं. त्याची आई थोपटत होती, अगदी मायेनं थोपटत होती, पण शेजारणीच्या पोराला! आणि शेजारणीला त्याचा पत्ताच नव्हता.

"वाईट सिनेमा असला ना बाबा, की पोर कुरकुरलं तरी आई उचलून बाहेर नेते," अरुणा म्हणाली. "लहानपणी मी आईबरोबर तिथंच बसायचे. कुठल्या सिनेमात आईनं मला बाहेर नेलं आणि कुठल्यात मी रडून रडून झोपले, सगळं आठवतंय मला."

मध्यंतर झालं. ऑफिसच्या खोलीत चहा आला. गुलाटी आले होते आणि विश्वनाथमामा गोदामवाल्याला घेऊन हजर होते.

"तो राजासाब? मंडे को उतार दूँ?"

राजाभाऊंनी कपात बघितलं. मग म्हणाले, "मैं नहीं बैठा था. जो बैठा था, उससे पूछो."

सगळे अरुणाकडे वळले. मी दारातून बघत होते. तिनं पदर कमरेला खोचला.

"एक महिना," ती म्हणाली.

मामांचा चहा सांडला. "बिल्कुल वेडी झालीस का अरुणा? तुझ्या बापानं हेच केलं आणि काय झालं, पाहिलंस ना?"

"मामा, त्या दिवशी फरशी ओली होती. आज मी हात लावून पाहिली आहे. कोरडी ठणठणीत आहे."

गुलाटी मोठ्यानं हसले. "बेटी, पिक्चर मर्द चलाते हैं."

"अच्छा? और मर्दों को कौन चलाता है, अंकलजी?"

गुलाटींनी तोंडातला वेलदोडा कडकन चावला. पण शब्द दिला गेला होता. मध्यंतरातला शब्द.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी गर्दी उसळली. नाही उसळली. शनिवार रिकामा गेला, रविवारही जवळजवळ रिकामाच. सोमवारी गोदामवाला टेप घेऊन आला आणि दोन खेळांच्या मध्ये त्यानं थिएटर मोजायला घेतलं. मी वाटेत होते. त्यानं मला पायानं बाजूला सारलं आणि म्हणाला, "ये फालतू सामान पहले निकलवाओ."

फालतू! मित्रांनो, तो अपमान मी अजून विसरलेले नाही. अरुणानं मला उचललं, पुन्हा माझ्या जागी ठेवलं आणि वर बसली. समोर मोजून घ्यावीत इतकीच माणसं. तरी बसली.

मंगळवारी बायकांची एक रांग भरली. पहिल्या खेळाला आलेली ती थोपटणारी बाई आपल्या सासूला घेऊन आली होती, आणि सासू आपल्या दोन बहिणींना. बुधवारी विहिरीवर, चक्कीवर, जिथे जिथे बायका भेटतात तिथे तिथे बातमी गेली असणार. गुरुवारी दुपारी मथुरा रोडवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, रंगीबेरंगी ओढण्यांनी भरलेल्या, आणि आतून गाणी. बायकांची बाजू भरली, कठड्यावरून सांडली, पुरुषांच्या बाजूला गेली. ट्रॅक्टर चालवत आलेले पुरुष बाहेर कुठे बसणार? तेही आत आले. त्यांनीही चपला काढल्या. पोरं इतकी रडली की आत काय संवाद चालले होते, देव जाणे. कुणी उठलं नाही.

शुक्रवारी गोदामवाला कागद घेऊन सहीसाठी आला. त्याला फाटकापासून ऑफिसपर्यंत पोचताच येईना. दारातल्या माणसानं त्याला हाऊसफुल्लची पाटी दाखवली.

"अरे, मैं तो खरीदने आया हूँ!"

"सब यही बोल रहे हैं. लाइन में लगो."

राजाभाऊंनी मुलीला शाबासकी वगैरे दिली नाही. तशी त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी रामचरण मिस्त्रींना बोलावलं आणि मला त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, "इसमें एक डंडी और लगाओ. थोडी ऊपर." बस. अरुणाच्या टाचा टेकतील अशा उंचीवर मिस्त्रींनी दुसरी दांडी बसवली. खालची झिजलेली राजाभाऊंची, वरची अरुणाची. माझ्या अंगावरचे हे दोन खळगे म्हणजे माझे दागिने आहेत, आणि ते पॉलिश करून बुजवायला मी कुणाला देणार नाही.

त्यानंतर प्रभा टॉकीज अरुणानं चालवलं. सचिवालयातल्या मुलाचं स्थळ मागे पडलं. तिनं ना त्याची खंत केली, ना कुणाला करू दिली. व्हिडिओ आले, घरोघर टीव्ही आले, शेजारच्या फरिदाबादला चकचकीत मॉल उभे राहिले. आम्ही होतोच. गुलाटी म्हातारे झाले तरी मध्यंतराच्या चहाला यायचे आणि "बोलो मॅडम" म्हणायचे.

टॉकीज बंद झालं, ते कुणी बंद पाडलं म्हणून नाही. हे नीट ऐका. एका दुपारी अरुणा माझ्यावर बसली होती आणि तिच्या लक्षात आलं की चेहऱ्यांवरचा उजेड बदलला आहे. आमच्या थिएटरात चेहरे नेहमी वरून उजळायचे, पडद्याच्या उजेडानं. आता ते खालून उजळत होते. प्रत्येकाच्या मांडीवर एक फोन. सिनेमा वाईट आहे म्हणून नव्हे, चांगला असता तरी तेच. चपलांचा आवाज नव्हता, कारण पायांना काही कळतच नव्हतं. तिनं ओळीनं काही सिनेमे तसेच पाहिले. मग मध्यंतरात उठून ऑफिसात गेली आणि म्हणाली, "हा महिना, आणि मग बंद." निकाल तिनं दिला. शब्द तिचा होता. आता तिथे लग्नाचा हॉल आहे आणि लोक तिथे चपला घालूनच जेवतात.

मी अरुणाबरोबर तिच्या फरिदाबादच्या फ्लॅटमध्ये आले. विश्वनाथमामांची नातसून, म्हणजे अरुणाची भाचेसून, हौशी आहे. तिनं मला पुसलं, बाल्कनीत नेलं आणि माझ्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवली. "आत्या, कसलं अँटिक दिसतंय ना!" अरुणानं कुंडी उचलून खाली ठेवली.

"हिच्यावर माणूस बसतो," ती म्हणाली.

पण कोण आणि कुठे, हे मला कळत नव्हतं. गेल्या गणपतीत कळलं. दिल्लीतल्या एका मराठी मंडळानं मुलांचं नाटक ठेवलं होतं. मंडळाचे सचिव सूर्यकांत आधीच कंटाळलेले. "या मुलांना मराठी कळत नाही हो अरुणाताई. पुढच्या वर्षीपासून नाटक बंद करू. सिनेमातल्या गाण्यांवर डान्स ठेवू, सगळे खूष." अरुणा नाटकाच्या दिवशी मला रिक्षात घालून घेऊन गेली आणि रंगमंचाच्या डाव्या अंगाला मांडून वर बसली.

"अहो अरुणाताई, स्टेज तिकडे आहे!"

"माहीत आहे मला. मी इकडचं बघायला आले आहे."

किती दिवसांनी तिच्या टाचा वरच्या दांडीवर टेकल्या! समोर मुलं. मुनिरकाची, करोल बागेतली, नोएडाची. नाटकात कुणीतरी "जोंधळा" म्हणालं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारच्याला विचारलं, "ए, जोंधळा म्हणजे?"

"पता नहीं यार, चूप! बघू दे ना!"

आणि मग मला आवाज आला. चपला शोधायचा नव्हे, काढायचा. टप. टप टप. सँडल, बूट, दिवे लागणारे ते बूटसुद्धा. एकेक पाय वर, मग दुसरा. सगळी रांग मांडी घालून. अरुणा झटकन खाली वाकली, फरशीला हात लावला. कोरडी होती.

मध्यंतरात चहाला सूर्यकांत आले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नाटकच." हा शब्द फिरत नसतो, हे त्यांना अजून माहीत नाही. कळेल.

तर मित्रांनो, मी अडगळ नाही आणि शोभेची वस्तूही नाही. माझी झीज बुजवू नका, माझ्यावर कुंडी ठेवू नका. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात असेल, तर त्याला पुसून शोकेसमध्ये बसवण्याआधी विचारा, की तू काय काम करायचास? आणि ते काम द्या. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती विनंती समजू नका.

गोष्ट संपत आली. पण मी कान लावून बसले आहे हं. तुमचे पाय आत्ता कुठे आहेत?